शेवटच्या कडव्यातली पारबता

माइक तपासायची आपल्याकडे एकच रीत आहे. माणूस सरपंच असो, कीर्तनकार असो की नवरदेवाचा मामा, तो आधी माइकच्या टकलावर बोटानं टकटक करतो, मग त्यात फुंकर मारतो आणि मग 'हॅलो, हॅलो' म्हणतो. अड्याळच्या बसस्टँडमागं माझं साउंड सर्व्हिसचं दुकान आहे आणि माझी अर्धी हयात हे हॅलो ऐकण्यात गेली. फुंकल्यानं माइक खराब होतो हे सांगून सांगून मी थकलो. हॅलो न म्हणणारं एकच माणूस मला भेटलं. ती माइकसमोर उभी राहून म्हणायची, "पारबता. पारबता. पारबता." पहिल्यांदा साधं, दुसऱ्यांदा जरा वर, तिसऱ्यांदा असं की भोंग्यावर बसलेला कावळा उडावा. मग माझ्याकडं वळून विचारायची, "परसराम, आयकू गेलं का तथी शेवटच्या मानसाले?"

शेवटच्या माणसाला ऐकू गेलं नसेल तर ती पुन्हा म्हणायची. आधी नाव, गाणं मागून. लोक हसत. म्हणत, बाईला भारी घमेंड आहे. होतीच. पण ती घमेंड तिला कोणी आंदण दिली नव्हती. तिनं ती स्वतःच्या हिमतीवर कमावली होती आणि त्यापायी बरंच गमावलंही होतं.

पारबताबाई अड्याळच्या तलावाकाठच्या, मासे धरून जगणाऱ्या ढिवरांपैकी. बुटकी, रुंद, सावळी. लुगड्याचा काष्टा घट्ट आणि पदर कमरेला असा खोचलेला की पाहणाऱ्याला वाटावं, ही गायला आली की भांडायला? खरं तर ती दोन्हीला आलेली असायची. गाताना एक पाय माझ्या भोंग्याच्या पेटीवर ठेवायची. तलावावरून थेट आली असली तर तो पाय चिखलाचा असे. मी कुरकुर केली की म्हणायची, "पुसून घेजो ना. पेटी तुही हाये, पाय माहा हाये." कनवटीला वाळलेली मासोळी बांधलेली असायची. गाण्याआधी दोन तुकडे चावून वर चहा प्यायची. त्या वासानं माझी व्यासपीठावरची पाहुणे मंडळी नाक धरायची. तिनं कधी त्यांची पर्वा केली नाही.

गळा गोड नव्हता. हे मी माइकवाला म्हणून सांगतो. गोड गळ्याच्या बाया मी भजनीमंडळांत खंडीभर ऐकल्या, त्यातली एकही आता आठवत नाही. पारबताबाईचा आवाज खरखरीत, जाड आणि सरळ अंगावर येणारा होता. तो कानातून शिरला की मुक्कामालाच राहायचा.

आमच्याकडं दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. भरदुपारी मैदानात पाळणे, भजी, बांगड्या, आणि त्या गलक्यात खडी गंमत. शाहीर उभ्यानं गातो म्हणून खडी. पुढं शाहीर, बाजूला ढोलकी, मागं झीलकरी. शाहिरानं ओळ टाकायची आणि झीलकऱ्यांनी ती जशीच्या तशी उचलायची. झील उचलली गेली नाही तर गाणं तिथंच पडतं. आणि गाण्याच्या शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव येतं, त्याला छाप म्हणतात. छाप ज्याची, गाणं त्याचं. बापजाद्यांपासूनचा हा कायदा आहे. त्याला कोणी कागद मागत नाही.

आमच्या भागात मोठी पार्टी कोंढ्याच्या अंताराम शाहिरांची. उंच माणूस, पिळदार मिशा, आणि थंडी असो की ऊन, काखेत छत्री. पारबताबाईचा नवरा किसन त्यांच्याकडं ढोलकी वाजवायचा. मंडईच्या मोसमात पार्टी गावोगाव फिरे, तेव्हा पार्टीचा स्वयंपाक करायला पारबताबाई जायची. शाहिरांची बायको भिवराबाई आणि ती, दोघी एकाच चुलीवर. एका मंडईत समोरच्या पार्टीनं असा सवाल टाकला की अंताराम शाहीर अडले. मागं चुलीपाशी बसलेल्या पारबताबाईनं हातातलं पीठ न झाडता जवाब सांगितला, किसननं तो पुढं पोचवला, आणि शाहिरांनी तो अशा थाटात म्हटला की मैदान उठलं. त्या दिवसापासून पार्टीची गाणी चुलीपाशी तयार होऊ लागली. भाकरी थापता थापता ती ओळी जुळवायची, भिवराबाई चूल फुंकता फुंकता ऐकायची, आणि शेवटच्या कडव्यात अंताराम शाहिरांचं नाव पडायचं. यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. स्वयंपाक बाई करते आणि पंगत बाप्याच्या नावाची होते, तसंच हे. बरीच वर्षं तिलाही वाटलं नाही.

मग तिनं 'पानी कोनाचं' बांधलं.

त्या वर्षी तलावातला गाळ ढिवरांनी आपल्या हातांनी काढला होता, आणि पाणी भरल्यावर मासोळीचा ठेका बाहेरच्याच माणसाला गेला. बाई घरी आली ती गाणं घेऊनच. *तलाव भरला काठोकाठ, सांग पानी कोनाचं? जाळं माहं, डोंगा माहा, सांग मासोळी कोनाची?* एकेक कडव्यात एकेकाला विचारते, आभाळाला, ठेकेदाराला, पारावरच्या पंचांना. शेवटी छाप येते आणि जवाब येतो: *अंताराम सांगे भाऊ, गाळ काढला त्याचं पानी.*

ते गाणं असं गाजलं की पोरं बैल हाकताना म्हणायची. आणि ते तसं गाजायला लागल्यावर पारबताबाईला शेवटच्या कडव्यातलं नाव टोचायला लागलं. अंताराम शाहिरांनी आयुष्यात तलावातला गाळ काढलेला नव्हता. त्यांची जमीन कोंढ्याला, कोरडी. एका मंडईत, गाणं संपल्यावर, सगळ्या पार्टीसमोर ती त्यांना म्हणाली, "शाहीर, बाकीचे सारे गाने तुमचे. या एका गान्यात माहं नाव टाका."

शाहीर रागावले नाहीत. हसले. तेच वाईट झालं. म्हणाले, "पारबता, मी कोठी नाही म्हनतो? पन तुहं नाव मात्रेत बसत नाही."

"बसत नाही त उभं राहील. गंमत खडीच हाये ना."

झीलकरी हसले. शाहिरांच्या मिशा थरथरल्या. ते म्हणाले, पार्टीत एकच नाव चालते, दोन नावं झाली की पार्टी फुटते. "मंग फुटू द्या," म्हणून बाई निघाली, भर मोसमात, तव्यावरची भाकरी तशीच सोडून. ती भाकरी भिवराबाईनं उलटवली असं किसन सांगायचा. किसन मात्र पार्टीतच राहिला. तो साधा माणूस. दिवसा अंतारामकडं ढोलकी वाजवायचा आणि संध्याकाळी घरी येऊन बायकोच्या हातचं जेवायचा. दोघांचं यावरून भांडण झाल्याचं मी कधी ऐकलं नाही. बाई म्हणायची, "ढोलकीवर कोठी छाप रायते? वाजवू दे त्याले."

त्यानंतर काही दिवसांनी ती दुकानात आली. हातात तुणतुणं होतं.

"परसराम, याले करंट लावता येते का?"

"बाई, तुनतुन्याले करंट कायले?"

"मी एकटी हाये. मागं कोनी नाही. मैदान भरीन एवढा आवाज कोठून आनू?"

एकटीनं खडी गंमत? मला हसू आलं. एका चाकाच्या बैलबंडीची गोष्ट करावी तसं ते होतं. पण ती हलेना. शेवटी मी एका जुन्या दारावरच्या घंटीतली पितळी चकती काढली, तुणतुण्याच्या चामड्याला आतून चिकटवली, वायर जोडली आणि अँप्लिफायरला लावून दिली. तिनं तार छेडली. भोंग्यातून असा घर्रर्र आवाज निघाला की समोरचा चहावाला बाहेर आला. मला वाटलं, भोंगा फाटला. मी पेचकस घेऊन धावलो.

"राहू दे," बाई म्हणाली. "माहा गळाबी असाच हाये. दोघं एका घरचे वाटू दे."

पहिल्या मंडईत लोकांना काय चाललंय तेच कळेना. मैदानात एकटी बाई, वायर लावलेलं तुणतुणं, ना ढोलकी ना झीलकरी. ती माइकवर ओळ टाकायची, मग दोन पावलं मागं सरून तीच ओळ बाप्यांसारख्या जाड आवाजात म्हणायची, जणू मागं पार्टी उभी आहे. पुन्हा पुढं यायचं, दुसरी ओळ टाकायची, पुन्हा मागं. टवाळ पोरं तिच्याबरोबर पुढंमागं नाचू लागली. मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला, पोरांचा आणि तिचाही. मी जवळ जाऊन म्हटलं, "बाई, इको लावून देतो. हे बटन फिरवलं का तुमची ओळ आपोआप तीन-चारदा निघते. झीलच समजा."

तिनं एकदा करून पाहिलं. आवाज मैदानाच्या त्या टोकावरून परत आला. तिनं तोंड वाकडं केलं.

"बंद कर. मशीनच्या पोटात कोनाचंबी नाव टाक, ते म्हनते. झील म्हंजे मानसानं आयकून, मनात आनून म्हनावं लागते."

मी बटण शून्यावर आणलं. त्यानंतर आमच्या साऱ्या मोसमांत ते बटण तिच्यासाठी शून्यावरच राहिलं. नाचणारी पोरं पुढच्या वर्षी नाचायची थांबली, आणि त्याच्या पुढच्या वर्षी बायका पुढं येऊन बसू लागल्या. खडी गंमत बायका पूर्वी दुरून, बांगड्यांच्या दुकानाआडून पाहायच्या. बाईनं त्यांना हातानं खुणावून पुढं बोलावलं. "तथी काहून उभ्या? मी काय बाप्यांसाठीच घसा फोडून राहिली?"

दरवर्षी नवी गाणी. मोबाइलवरून मुलगी पसंत करणाऱ्यांवर एक, रेतीच्या टिप्परवर एक, गावचा बैल विकून डीजे आणणाऱ्यावर एक. त्या शेवटच्या गाण्यानं माझ्या धंद्याचीच टर उडवली होती आणि ते मलाच माझ्या भोंग्यांवर वाजवावं लागे. मी तक्रार केली तर म्हणाली, "तोंड माहं हाये, तुह्या माइकसारखं भाड्यानं नाही आनलं." प्रत्येक गाण्याच्या शेवटी तिची छाप. 'पारबता सांगे' म्हणताना ती नाव असं लांबवायची की मात्रा बिचाऱ्या आपसूक जागा करून द्यायच्या.

पण लोकांचं काय असतं, त्यांना जुनंच हवं असतं. नवं गाणं संपायच्या आत मागून आरोळी यायची, "बाई, 'पानी कोनाचं' होऊ द्या." कोंढ्याच्या मंडईत तर शेदोनशे माणसं एका सुरात ओरडायला लागली. बाजूच्या कोपऱ्यात अंताराम शाहिरांची पार्टी उभी होती, पलीकडं डीजे ढणढणत होता. बाई माइकवर म्हणाली, "ते गानं अंताराम शाहिराचं हाये. ते तथी उभे हायेत. जा, त्याहिले सांगा." आणि तुणतुणं छेडून नवं गाणं सुरू केलं. अर्धी गर्दी उठून गेली.

मी चिडलो. गाणं संपल्यावर तिला बाजूला घेतलं. "बाई, तुमचंच गानं हाये. आपलं नाव टाका न् म्हना. कोन पोलीस बलावते?"

"माहंच गानं चोरल्यासारखं म्हनू काय?"

"मंग कधीच नाही म्हनान?"

"म्हनीन. ज्या दिवशी त्याच्या पार्टीचे मानसं माह्या नावाची झील धरतीन, त्या दिवशी म्हनीन. नाही त माह्यासंग जाईल ते."

"लोकं उठून जाऊन राहिले ना."

"जाऊ दे. बसले हायेत त्याहिले आयकवीन."

बसलेल्या बहुतेक बायाच होत्या, आणि एक म्हातारा उभा होता, सगळ्यांच्या मागं, छत्री टेकून. अंताराम शाहीर. आपली पार्टी झीलकऱ्यांवर सोडून ते तिचं नवं गाणं ऐकायला आले होते. पूर्ण ऐकलं. मग हळूहळू माझ्या टेबलापाशी आले, माझ्या बटणांकडं पाहत म्हणाले, "परसराम, शेवटच्या कडव्यात दम कमी हाये. तिले सांगजो." आणि गेले.

मी सांगितलं. बाईनं आधी मला दोन, मग शाहिरांना चार शिव्या घातल्या. पुढच्या मंडईत शेवटचं कडवं नवं होतं, आणि खरंच जोरकस होतं. मी तिच्याकडं पाहून हसलो तर म्हणाली, "बुढ्याचे कान चांगले हायेत. हात तेवढे लंबे हायेत."

अंताराम शाहिरांना मी खलनायक करणार नाही. त्यांना खरंच वाटायचं की छाप म्हणजे छप्पर आहे, त्याखाली सगळी पार्टी राहते, आणि छपराला एकच नाव असतं. बाईला वाटायचं की छप्पर शाकारलं कोणी ते तरी सांगा. दोघं पक्के. दोघं एकमेकांचं गाणं चोरून ऐकायचे आणि एकमेकांच्या दारासमोरून मान वळवून जायचे.

तुमसरकडं आंबागडला गेलो होतो तेव्हाची गोष्ट सांगितल्याशिवाय बाई पुरी होत नाही. डोंगरावर किल्ला, पायथ्याशी गाव, तिथं तिला कोणी पाहिलेलं नव्हतं. पोचलो तर मैदानात मोठा कापडी फलक: 'सुप्रसिद्ध अंताराम शाहीर यांच्या पार्टीतील पारबताबाई'. बाई टेम्पोतून उतरली, फलक पाहिला आणि पुन्हा टेम्पोत चढून बसली.

मंडईचा अध्यक्ष धावत आला. हात जोडून म्हणाला, "बाई, त्याहिचं नाव टाकलं का मानसं येतात. गान्यात तेच नाव आयकलं आमी."

"मंग त्यालेच उभं करा."

"आता फलक नवा कोठून आनू?"

बाईनं इकडंतिकडं पाहिलं. कबड्डीच्या रेषा मारायला चुन्याची बादली ठेवली होती. तिनं बादली उचलली, कुंचा बुडवला आणि अध्यक्षाच्या डोळ्यांदेखत डावीकडून चुना फासत गेली, 'पारबताबाई' येईपर्यंत. बहुतेक फलक पांढरा आणि उजव्या टोकाला तिचं नाव. त्याखाली उभं राहून ती गायली. चुन्याचे ओघळ तिच्या पाठीवर पडत होते.

कार्यक्रम झाल्यावर तिथल्या बाया भोवती जमल्या. एकीनं मोठ्या मायेनं विचारलं, "बाई, अंतारामजी संग नाही आले? तब्येत बरी नाही का त्याहिची?" माझ्या ध्यानात आलं तेव्हा मला हसू आवरेना. 'पानी कोनाचं' पारबताबाईनं बांधलं हे त्यांच्या कानावर होतं, आणि आमच्याकडं बाई उखाण्यात नवऱ्याचं नाव घेते, त्यामुळं गाण्याच्या शेवटी जे नाव येतं ते नवऱ्याचंच, असं त्यांनी धरलं होतं. इतकी वर्षं अंताराम तिचा घरधनी म्हणून आंबागडात नांदत होता. बाईनं त्यांना खाली बसवून छाप काय असते ते समजावलं. घरी आल्यावर किसनला सांगितलं तर तो म्हणाला, "मंग मी कोन?"

"तू ढोलकीवाला," बाई म्हणाली.

पण त्या दिवशी टेम्पोत ती हसली नव्हती. एवढंच म्हणाली, "पाह्य परसराम, नाव एकदा का गान्यात बसलं, का ते घरातबी शिरते."

असे बरेच मोसम गेले. कार्यक्रमांचे दिवस कमी झाले, डीजे वाढले. एकदा मंडईवाल्यांनी तिला डीजेच्या दोन गाण्यांच्या मधल्या वेळेत गा म्हटलं. ती म्हणाली, "मी काय चटनी हाये, मधात वाढायले?" आणि मैदानाच्या कडेला, माझा एकच भोंगा लावून, डीजे चालू असतानाच गायली. कोणाला नीट ऐकू गेलं नसेल. तिनं शेवटच्या कडव्यापर्यंत म्हटलं, छाप टाकली, मासोळीचा तुकडा तोंडात टाकला आणि वायर गुंडाळली. मला तेव्हा तिचा इतका अभिमान वाटला की मी तिच्या चिखलाच्या पायाबद्दल पुन्हा कधी बोललो नाही.

मग एका वर्षी मंडईच्या तोंडावर अंताराम शाहीर गेले.

शाहीर गेला की त्याच्या तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या दिवशी, पार्टी अंगणात उभी राहून त्याची गाणी म्हणते. शाहिरांचा मुलगा पारबताबाईकडं आला. मी तिथंच होतो. मुलगा खाली मान घालून म्हणाला, "काकू, 'पानी कोनाचं' आमच्यातून कोनाच्या गळ्यातून निघत नाही. तुमी म्हना. पार्टी मागं उभी राहीन." मग म्हणाला, "आजच्या दिवस तरी बाबाचं नाव घ्या."

"गानं म्हनीन," बाई म्हणाली.

मुलानं तेवढंच ऐकलं आणि समाधानानं गेला. मी बाईच्या तोंडाकडं पाहिलं.

कोंढ्याला शाहिरांच्या अंगणात मांडव होता, साउंड माझाच. भिंतीशी खुर्चीवर फोटो, हार, आणि खुर्चीच्या पाठीला त्यांची छत्री अडकवलेली. पाहुणे दाटून बसलेले. भिवराबाई स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला टेकून, पदर कपाळापर्यंत ओढून बसली होती. पारबताबाईनं त्या दिवशी माइक तपासला नाही. तुणतुण्याला वायरही लावू दिली नाही. फोटोला हात जोडले आणि पार्टीच्या पुढं जाऊन उभी राहिली. बाजूला किसन ढोलकी घेऊन. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्यामागं झीलकरी होते.

तिनं सुरू केलं आणि मांडवातल्या लोकांनी माना हलवल्या. *तलाव भरला काठोकाठ, सांग पानी कोनाचं?* झीलकऱ्यांनी ओळ अशी उचलली की माझ्या अंगावर काटा आला. आभाळाला विचारून झालं, ठेकेदाराला विचारून झालं, पंचांना विचारून झालं. ओळ टाकायची, ओळ उचलायची, ढोलकी दोघांना बांधून ठेवायची. मग शेवटचं कडवं आलं. बाईनं फोटोकडं तोंड केलं आणि म्हटलं:

*पारबता सांगे भाऊ, गाळ काढला त्याचं पानी.*

मागून झील आली नाही.

झीलकऱ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. कोणी खाली पाहिलं. शाहिरांचा मुलगा उठून उभा राहिला. त्यानं मला हातानं खूण केली, आवाज बंद कर. मी त्याच्याकडं पाहत राहिलो आणि माझा हात मांडीवरून हलला नाही. पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. किसनचा गळा म्हणजे फुटका डबा, त्याला झील धरता येत नव्हती, पण त्यानं ढोलकी थांबवली नाही. त्याच ठेक्यावर थाप पडत राहिली. बाई मागं सरली नाही, तिनं आपली झील आपण धरली नाही. ती फोटोकडं तोंड करून उभीच राहिली. त्या वेळी मला तिची भीती वाटली आणि तिच्यासाठीही वाटली, कारण गाणं आता पडणार होतं, आणि या जन्मात ते पुन्हा उभं राहणार नव्हतं.

दारातून एक आवाज आला. पिचका, थरथरता, कोणत्याच पट्टीत नसलेला. "पारबता सांगे भाऊ," भिवराबाई म्हणत होती, "गाळ काढला त्याचं पानी." पदर कपाळावरून मागं सरला होता. आपल्या नवऱ्याच्या तेरवीला, दोनशे माणसांसमोर, आयुष्यात कधी तोंड न उघडलेली ती म्हातारी झील धरत होती.

मुलगा म्हणाला, "आई."

भिवराबाई म्हणाली, "बस खाली. माह्या चुलीपाशी बनलं ते गानं."

मुलगा बसला. पारबताबाईनं ओळ पुन्हा टाकली, तशीच, नावासकट. भिवराबाईनं पुन्हा उचलली. तिसऱ्या वेळेस सगळ्यात जुन्या झीलकऱ्यानं डोळे मिटून आवाज दिला, आणि मग बाकीच्यांनी, कोणी मनापासून, कोणी तोंड पाडून. पण नाव सगळ्यांनी घेतलं. अंताराम शाहिरांच्या अंगणात, त्यांच्याच माणसांच्या तोंडून.

बाई आता नाही. पुढच्या उन्हाळ्यात तापाचं निमित्त होऊन गेली. त्या तेरवीनंतर मी तिला बाजारात, बसस्टँडवर पाहिलं असेलच, पण आठवायला बसलं की तीच परतीची वाट डोळ्यांसमोर येते. दिवस कलला होता. किसन मागं भोंग्यांमध्ये पेंगत होता आणि बाई माझ्या बाजूला बसली होती. मला वाटलं, ती रडेल, निदान काही बोलेल. ती कनवटीची मासोळी काढून चावत बसली. तलावाचं वळण आलं तेव्हा म्हणाली, "भिवराबाईनं पट्टी सोडली होती."

"हो बाई, पार सोडली होती."

"पन नाव बरोबर घेतलं," ती म्हणाली, आणि टेम्पो पुरता थांबायच्या आत उतरून तलावाच्या पाळीवरून चालायला लागली.